तोंडी आलेख

हेमलताचा फळा पाहायला शेजारच्या वर्गातली मुलंही दाराशी रेंगाळायची. मागणीची रेघ ती एका दमात ओढायची, मध्ये खडू उचलायची नाही, आणि रेघ जिथे टेकायला हवी नेमकी तिथेच टेकायची. मागणी निळी, पुरवठा पिवळा, दोघींची गाठ पडते तिथे लाल ठिपका. पुस्तकातले जे आलेख पाहून मुलं पान उलटून टाकायची, तेच तिच्या हातून उतरले की ओळखीचे वाटायला लागायचे.

तिचे हात असे बोलके झाले ते दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये. वडील गुणवंतराव केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे बालपण सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. घरात मराठी, जिन्यात तमिळ, समोरच्या दारी बंगाली, खाली मैदानात पंजाबी. सगळ्यांना पुरेल इतकी हिंदी येण्याआधीच मुलं एकमेकांशी खेळायला लागलेली असायची, आणि ज्याला शब्द सापडत नसे तो बोट दाखवून मोकळा होई. हीच सवय हेमलताबरोबर वर्गात आली. दिल्लीतल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता शिकवता तिची पंचवीस वर्षं उलटली. लग्नानंतर ती गाझियाबादला, वैशालीत राहायला गेली. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाबूंना मात्र ‘खानविलकर’ हे तिचं आडनाव कधीच पेललं नाही, आणि ती सगळ्यांची ‘खान मॅडम’ होऊन बसली. ईदेला तिला आवर्जून शुभेच्छा यायच्या. तीही तितक्याच आवर्जून आभार मानायची.

महासाथीच्या काळात वर्ग फोनमध्ये शिरले तेव्हा विभागातले बरेच जण हबकले होते. हेमलता हबकली नाही. स्क्रीनवर रेघ कशी ओढायची, बोलणं रेकॉर्ड कसं करायचं, ते पोर्टलवर कसं चढवायचं, हे सगळं ती शिकली. मग वर्गात स्मार्टबोर्ड आले. आता फळ्यावरचं काहीच पुसून वाया जात नव्हतं. प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग पोर्टलवर, आणि सोबत तिच्या सुवाच्य अक्षरातल्या टिपणांचे फोटो. प्राचार्यांनी एका बैठकीत तिचं उदाहरण दिलं होतं. तिला ते आवडलं होतं, हे ती राजीवजवळ, म्हणजे नवऱ्याजवळ, कबूलही करून गेली होती.

म्हणून जानेवारीतल्या त्या धुक्याच्या सकाळी, तास संपल्यावर, पांढरी काठी हातात धरून एक मुलगी तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली, तेव्हा हेमलताला वाटलं, कौतुकच करायला आली असेल.

चंद्रप्रभा त्या सत्रात नव्याने आलेली. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. साहिबाबादहून मैत्रिणीचा हात धरून मेट्रोने यायची आणि पहिल्या बाकावर बसायची.

“मॅम, एक बात बोलूँ? बुरा तो नहीं मानेंगी?”

“बोल ना.”

“तुमची सगळी रेकॉर्डिंग मी ऐकली. दोन-दोनदा.” ती हिंदीतच बोलत होती, भराभर, जणू घरून पाठ करून आलेली. “त्यात कुणाचं तरी लग्न आहे एवढं कळलं. ही इथून आली, ती तिथून आली, दोघी इथे भेटल्या. मग एक जण थोडी इकडे सरकली. पण कोण? कुठून? कुठे?”

हेमलता हसली, पण तिचं हसू अर्ध्यावरच विरलं.

“आणि टिपणं? ती तर आहेत ना पोर्टलवर?”

चंद्रप्रभाने फोन काढला. तिचा फोन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा, तेही इतक्या भरधाव की हेमलताला एक अक्षर कळेना. मुलीने हसून त्याचा वेग कमी केला. पोर्टल उघडलं. टिपणांच्या पानावर बोट ठेवलं.

“इमेज,” फोन म्हणाला. बोट खाली सरकलं. “इमेज.” आणखी खाली. “इमेज.”

सुवाच्य अक्षराचं फोनला काय कौतुक! त्याच्या लेखी तो एक फोटो होता.

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“वाटलं, माझ्याच ऐकण्यात काही कमी आहे. मग मैत्रिणीला म्हटलं, डोळे मिटून ऐक बरं. तिलाही कळलं नाही.”

त्या दिवशी मेट्रोत हेमलताने कानात इयरफोन घालून, डोळे मिटून, स्वतःचाच एक तास ऐकला. ‘अब ये देखिए... ये यहाँ से... यहाँ तक... और ये वाली जब इससे मिली...’ मध्ये पेनाची सरसर, मग शांतता, मग पुन्हा ‘ये’. यमुना मागे पडली, स्टेशनं येऊन गेली, आणि एकही रेघ काही तिच्या मिटल्या डोळ्यांसमोर उमटली नाही. इतकी वर्षं निम्मं शिकवणं तिचे हात करत होते आणि ती समजत होती की आपण बोलतोय.

विभागप्रमुख भसीन सरांना तिने दुसऱ्याच दिवशी गाठलं. भसीन माणूस वाईट नव्हता. कुणाचं अडू नये आणि आपली झोपमोड होऊ नये, या दोन इच्छांवर त्याने विभाग चालवला होता.

“खान मॅडम, मन मोठं आहे तुमचं,” ते चहा ढवळत म्हणाले. “पण या पेपरात निम्मे गुण आकृत्यांना. परीक्षेत तिला लेखनिक मिळणार, आणि तो आपल्या विषयाचा चालत नाही. मग आकृती काढणार कोण? महिनाअखेरपर्यंत विषय बदलता येतो. राज्यशास्त्र घेऊ दे. अशी सगळी मुलं तिकडेच जातात, आरामात पास होतात.”

“तिला अर्थशास्त्र हवंय.”

“हवं तर मलाही पुष्कळ होतं, मॅडम.” मग कप खाली ठेवून त्यांनी आवाज उतरवला. “महिनाअखेर टळली की बदल नाही. नापास झाली तर वर्ष तिचं जाईल. तुमचं नाही.”

हे मात्र हेमलताला लागलं, कारण ते खरं होतं.

“त्याआधी वर्गचाचणी आहे,” ती म्हणाली. “त्यात तिने आकृत्या बरोबर काढून घेतल्या तर?”

“तर मी काही बोलणार नाही. पण पेपर मी काढणार, आणि तपासणारही मीच.”

“बिल्कुल.”

चंद्रप्रभाला तिने व्हरांड्यात बसवून सगळं सांगितलं, वर्ष जाण्याची भीतीसुद्धा. काही लपवलं नाही.

मुलगी जरा वेळ काठीच्या मुठीशी चाळा करत राहिली. “माझे पापा साहिबाबादच्या भाजीमंडीत एका आडत्याकडे कामाला आहेत. लहानपणी सुट्टी असली की मी त्यांच्यासोबत जायची. बोली लागते ना, तेव्हा भाव चढतो तसे आवाज चढतात, आणि मग एकदम एका जागी थांबतात. सगळे एकदम. ते तिथेच का थांबतात, हे मला कळून घ्यायचंय. राज्यशास्त्रात सांगतात का ते?”

“नाही.”

“मग तिकडे जाऊन काय करू, मॅम?”

त्या संध्याकाळपासून हेमलता कामाला लागली. टिपणांचे फोटो काढून टाकले आणि एकेक पान टाइप करायला घेतलं, फोनला वाचता येईल असं. पण खरी अडचण आकृत्यांची होती. त्या शब्दांत कशा सांगायच्या? पहिलं रेकॉर्डिंग तिने मोठ्या आत्मविश्वासाने केलं आणि राजीवला पेन्सिल-कागद घेऊन बसवलं. राजीव नोएडाच्या एका कंपनीत हिशेबतपासणी करायचा. अर्थशास्त्राशी त्याचा संबंध बायकोपुरता.

“ऐक आणि ऐकशील तेच काढ. स्वतःचं डोकं चालवू नकोस.”

“ऑफिसात हेच करतो मी,” म्हणत राजीवने कागद पुढ्यात ओढला. रेकॉर्डिंग संपलं तेव्हा कागदावर मधोमध एक सरळ उभी रेघ होती.

“हे काय?”

“मागणी. वरून खाली येणारी रेघ, असं म्हणालीस तू.”

“अरे, पण उतरती!”

“उतरती कुठे म्हणालीस? वरून खाली तर लिफ्टही येते.”

“एवढंही कळत नाही तुला?”

“कळत नाही म्हणूनच बसवलंयस ना, यार? कळत असतं तर काय उपयोग होता माझा?”

ती चिडून आत गेली आणि थोड्या वेळाने तशीच बाहेर आली, कारण तो बरोबर बोलला होता. पुन्हा रेकॉर्ड केलं. या वेळी राजीवची रेघ दोन्ही अक्षांच्या बाहेरच कुठेतरी भटकत गेली. तिसऱ्या वेळी ती बरोबर सुरू झाली पण थांबलीच नाही, कागदाच्या कडेवरून टेबलावर उतरली. राजीवला हसू आवरेना. हेमलताने मात्र त्याच्या प्रत्येक चुकीतून एक शब्द उचलला. आधी माणसाला कागद द्यायला हवा, मग त्याचा डावा-खालचा कोपरा. तिथून वर जाणारी ती किंमत, उजवीकडे जाणारं ते नगांचं प्रमाण. रेघ कुठे जन्मते, कोणत्या बाजूला चालते आणि चालताना झुकते की चढते, ते सांगायला हवं. आणि तिला थांबवायलाही हवं. पंचवीस वर्षं जी रेघ तिच्या मनगटात होती, ती आता तिला तोंडाने ओढायची होती.

घरात रेकॉर्डिंग जमेना. कुकरच्या शिट्ट्या, बाल्कनीतली कबुतरं, भोंगा लावून फिरणारा भाजीवाला. शेवटी तिने सोसायटीच्या तळघरातली आपली गाडी गाठली. काचा बंद केल्या की आत अगदी निवांत. रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी ती तिथे बसून बोलायची, आणि हात वर उठू नयेत म्हणून स्टीअरिंग घट्ट धरून ठेवायची. चार दिवसांनी वॉचमनने राजीवला बाजूला घेतलं.

“साहब, मॅडम बंद गाडीत एकट्याच बसून कुणाशी तरी भांडतात. घरी सगळं ठीक ना?”

“घरी ठीक आहे,” राजीव म्हणाला. “मागणी-पुरवठ्याचं जमत नाहीये.”

नवी रेकॉर्डिंग चंद्रप्रभाकडे जाऊ लागली. ती दुप्पट वेगाने ऐकायची आणि उलट निरोप पाठवायची: ‘मॅम, दुसऱ्या मिनिटाला पुन्हा “इथे” म्हणालात.’ एकदा तर नुसतंच ‘मॅम!!’ असं आलं. हेमलता मुकाट्याने ते वाक्य पुन्हा करायची. आश्चर्य म्हणजे वर्गातली इतर मुलंही ही रेकॉर्डिंग मागायला लागली. मेट्रोच्या गर्दीत उभ्याने फोनकडे पाहता येत नाही, पण ऐकता येतं, म्हणाली.

एके दिवशी चंद्रप्रभाच तिला काही ऐकवायला घेऊन आली. आलेख काढणारं एक फुकट साधन होतं, आणि त्यात रेघ आवाजात ऐकण्याची सोय होती. रेघ वर असेल तिथे सूर उंच, खाली उतरली की सूर खाली. हेमलताने मागणीची रेघ त्यात भरली आणि इयरफोनचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं, दुसरं मुलीच्या. सूर वरून निघाला आणि हळूहळू खाली आला, थकून जिना उतरणाऱ्या माणसासारखा. मग पुरवठ्याची रेघ. तो सूर खालून निघून चढत गेला. दोन फोन शेजारी ठेवून त्यांनी दोन्ही सूर एकदम सुरू केले. एक उतरत आला, एक चढत आला. जवळ आले तसे एकमेकांवर थरथरले, क्षणभर एकच झाले, आणि पुन्हा वेगळे होऊन आपापल्या वाटेने गेले.

“मंडी!” चंद्रप्रभा म्हणाली. “मॅम, इथेच थांबतात सगळे.”

हेमलताने दोन्ही सूर पुन्हा सुरू केले. आयुष्यभर काढलेला लाल ठिपका तिने आज पहिल्यांदा ऐकला होता.

पण समजणं वेगळं आणि दुसऱ्याकडून काढून घेणं वेगळं. सरावाला हेमलता लेखनिक होऊन बसली तर सगळ्या आकृत्या बिनचूक यायच्या, आणि त्यातच फसगत होती. मुलगी सांगताना चुकली तरी हेमलताचा हात सवयीने बरोबर रेघ ओढायचा. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा चाचणीला आठवडाही उरला नव्हता. तिने सरळ राजीवला फोन लावला.

“जेवणाच्या सुट्टीत रोज अर्धा तास दे. तुझ्याइतकं अजाण माणूस मला दुसरं मिळायचं नाही.”

“लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढी स्तुती पहिल्यांदाच.”

मग रोज दुपारी चंद्रप्रभा फोनवरून सांगायची आणि राजीव ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा सरकवून काढायचा. काढून झालं की फोटो हेमलताकडे. पहिल्या दिवशी सरकवायची रेघ भलतीकडेच गेलेली.

“अंकल, मी सरकवा म्हटलं ना?”

“बेटा, कुठल्या बाजूला ते नाही म्हणालीस. मला उजवीकडे जागा दिसली, मी सरकवली.”

दुसऱ्या दिवशी रेघांना नावंच नव्हती. मुलगी रडकुंडीला आली. “मॅम, घरी म्हणतात, राज्यशास्त्रच घे. तुम्हीही सांगा ना एकदा, की घे. मग मी घेईन.”

भसीन सरांचं वाक्य हेमलताच्या मनात टोचत होतंच. वर्ष तिचं जाईल. हो म्हणणं किती सोपं होतं, आणि त्यात दया होती असं सगळे म्हणाले असते.

“मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “तुला जायचं असेल तर तू जा, मी रागावणार नाही. पण आज राजीवने नावं घातली नाहीत, म्हणजे उद्या तू नावं आधी सांगणार. एवढंच झालंय. लाव फोन.”

चंद्रप्रभाने डोळे पुसले आणि फोन लावला.

चाचणी झाली. संस्कृतच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी लेखनिक होती. दोन दिवसांनी भसीन सरांनी हेमलता आणि चंद्रप्रभा दोघींना स्टाफरूममध्ये बोलावलं. उत्तरपत्रिका त्यांच्या पुढ्यात होती.

“लेखी चांगलंच आहे,” ते म्हणाले. “दुसऱ्या आकृतीत एक रेघ चुकीच्या दिशेला गेलीय, तिचे गुण कापले. पण पहिली? पहिली अगदी बरोबर आहे. संस्कृतच्या मुलीने काढलेली!” त्यांनी चष्मा काढला. “मॅडम, राग मानू नका. त्या लेखनिक मुलीला आधी कुणी अर्थशास्त्र शिकवलं नव्हतं ना?”

तोंडाशी आलेलं उत्तर हेमलताने गिळलं.

“सर, तुम्ही काढा,” ती म्हणाली. “प्रश्न तुमचा, कागद तुमचा, हातही तुमचा. ती सांगेल. मी इथे गप्प बसते.”

स्टाफरूममधले दोघे-तिघे चहा घेऊन जवळ सरकले. भसीन सरांनाही मजा वाटली असावी. त्यांनी कोरा कागद घेतला, पेन्सिल घेतली. “अवेळी पाऊस झाला, टोमॅटोचं पीक गेलं. दाखव काय होतं ते. आणि ऐक, मी तू सांगशील तेवढंच काढणार.”

चंद्रप्रभाने खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. “कागद आडवा ठेवा सर. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून दोन बोटं आत एक ठिपका. तिथून एक रेघ सरळ वर, तिचं नाव किंमत. त्याच ठिपक्यापासून एक सरळ उजवीकडे, तिचं नाव नग.”

ती सांगत गेली. मागणी डाव्या हाताला उंचावर सुरू झाली आणि उजवीकडे जाताना उतरत आली. पुरवठा डावीकडे खालून निघाला आणि चढत गेला. दोघी भेटल्या तिथे ठिपका पडला. सर मुद्दाम मध्येच थांबत, “किती उंच?” “कुठवर?” असं खोदून विचारत, आणि ती बोटांच्या, मुठीच्या मापाने सांगत होती. हेमलताचे हात पुन्हा पुन्हा उठू पाहत होते. शेवटी ते तिने मांड्यांखाली दाबून धरले.

“आता पीक गेलं. पुरवठ्याची नवी रेघ जुनीच्या डावीकडे, तीन बोटं अंतर सोडून. दोघींमधलं अंतर सगळीकडे सारखं.”

पेन्सिल फिरली. “काढली. पुढे?”

“नवी रेघ मागणीला जिथे भेटते तिथे ठिपका द्या. तो जुन्या ठिपक्यापेक्षा वर आलाय ना?”

सर कागदाकडे पाहत राहिले. “नाही. खाली आलाय.”

कुणीतरी कप खाली ठेवला. हेमलताला कागद दिसत नव्हता. वर्ष तिचं जाईल, एवढंच डोक्यात.

चंद्रप्रभाने मान किंचित कलती केली, काही ऐकत असल्यासारखी. “मग सर, तुमची रेघ वर जाताना उजवीकडे कललीय. अंतर सारखं राहिलं नसणार. बोट ठेवून बघा. खाली तीन बोटं असतील, वर नसतील.”

भसीन सरांनी बोटं ठेवली. खाली ठेवली, मग वर ठेवली. रेघ वर जाता जाता जुन्या रेघेला छेदून पलीकडे गेली होती.

“रबर आहे का कुणाकडे?” ते म्हणाले, आणि हसणाऱ्यांत त्यांचा आवाज सर्वांत मोठा होता.

दुसऱ्यांदा काढलेली रेघ नीट आली. ठिपका वर आला, डावीकडे आला. किंमत चढली, नग घटले. सरांनी कागदाची घडी घालून ती उत्तरपत्रिकेला टाचली. “राहू दे हिला इथेच,” ते हेमलताला म्हणाले. “आणि ती रेकॉर्डिंग माझ्याही वर्गाला पाठवा. माझ्या डोळसांनाही या आकृत्या येत नाहीत.”

महिनाअखेर आली आणि गेली. विषय बदलायच्या अर्जांमध्ये चंद्रप्रभाचा अर्ज नव्हता.

एक तारखेला तास संपल्यावर ती पुन्हा टेबलाशी आली. “मॅम, पुढचा धडा उत्पादनखर्चाचा. मैत्रीण म्हणाली, त्यात एकाच आकृतीत चार-चार रेघा असतात.”

“असतात.”

“आणि सगळ्या वाकड्या?”

“बहुतेक सगळ्या. एक तर वाटीसारखी खोल जाऊन पुन्हा वर येते, आणि दुसरी तिला अगदी तळाशी छेदते.” हेमलता बोलता बोलता थांबली. ही वाटी तोंडाने कशी सांगायची, याचा तिला अजून पत्ता नव्हता. “अवघड आहे, प्रभा. वेळ लागेल.”

“मग आजच सुरू करू,” मुलगी बाकावर बसत म्हणाली. “वाटी केवढी, ते आधी सांगा.”